विहिरीच्या तळाशी मालनअक्का

दुपारचं जेवण झालं की मी पडते. झोप म्हणावी तर ती झोप नसते. मणका मोडल्यापासून डॉक्टरांनी अफूच्या जातीचं जालीम औषध सुरू केलंय, कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून. त्यानं दुखणं जात नाही, शेजारच्या खोलीत जाऊन बसतं एवढंच. केतकी, माझी सून, स्वयंपाकघरात भांडी लावतेय हे कळतं, आणि तरी डोळे मिटत जातात.

भांड्यांचा आवाज बांगड्यांचा होतो. पायाशी मालनअक्का बसलीय. माझी थोरली बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण केस काळेभोर आहेत, परकर कमरेला खोचलेला.

"किती लोळशील? चल विहिरीवर."

"पाठ मोडलीय गं माझी."

"पाण्यात कसली पाठ नि कसलं काय!"

पलंगाखालून दगडी पायऱ्या उतरतात. आमच्या मळ्यातली विहीर. तिच्या तळाशी माझं पोस्ट ऑफिस, जिथे मी नोकरी केली. खिडक्यांतून मासे ये-जा करतायत. अक्का काउंटरवर बसून पेरू खातेय, तिखटमीठ लावून. मला फोड देते. मीठ पाण्यात विरघळत नाही.

"आपण चोरून पोहायला यायचो, ते आईला कधी कळलं का गं?" मी विचारते.

"कळायचं की. ओले परकर तीच चुलीमागं वाळत घालायची. मला म्हणाली होती, धाकटीला सांगू नकोस, तिची मजा जाईल."

मी हसते. इतक्या वर्षांनी आई अशी भेटते. हसताना तोंडातून एकही बुडबुडा निघत नाही. श्वास घ्यावासाच वाटत नाहीये.

"अक्का, इथंच राहू?"

तिचा चेहरा बदलतो. पेरू टाकून ती खाली उतरते.

"दम घे आधी."

"नको. किती निवांत आहे इथं."

"कमळे, दम घे म्हणते ना! आणि हे काय चिकटलंय तुला पाठीला?" ती नखानं खरवडते आणि जोरात ओढते.

मी तोंड उघडते.

"आई! आई, श्वास घ्या!" केतकी मला गदागदा हलवतेय. तिचे ओठ पांढरेफटक. फोनवर डॉक्टर ओरडतायत, या औषधानं झोपेत श्वास मंदावतो, पट्टी आधी काढा आणि लगेच घेऊन या.

केतकी माझा ब्लाउज सैल करून पाठ बघते. औषधाची पट्टी जागेवर नाही, ती म्हणते. तिथे फक्त चौकोनी लाल वण.

"आई, तुम्ही काढलीत?"

मी मूठ उघडते. चुरगळलेली पट्टी तळव्याला चिकटलीय.

आम्ही दोघी पट्टीकडे बघत राहतो. सकाळी केतकीनंच ती लावली होती, पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. झोपेत ओढू नये म्हणून मुद्दाम तिथे. माझा हात तिथवर पोहोचतच नाही.