साकव सुस्थितीत आहे

हसायचं नाही, या अटीवर सांगते. आणि हसू आलंच तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या नणंदेने नवीन चादर खराब करून ठेवली होती.

चुका सगळेच करतात हो! कुणी भाजीत दोनदा मीठ घालतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून आहेर देऊन येतं. पण माझी चूक? माझी चूक थेट विधानसभेत गेली! अध्यक्षांच्या समोर, मंत्र्यांच्या तोंडून, अख्ख्या महाराष्ट्राच्या कानावर!

मी कांदळवाडी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. दाखले, अर्ज, वरून आलेली पत्रं, वर पाठवायची पत्रं, सगळं माझ्या बोटांखालून जातं. आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठावर. शाळा, दवाखाना, रिक्षा, एसटी, सगळं पलीकडच्या काठाला. मधे एक साकव. म्हणजे पायी जायचा लहानसा पूल. चिऱ्याचे खांब, त्यावर गंजलेलं लोखंड आणि त्यावर फळ्या. आहेत त्या फळ्या मोजण्यापेक्षा नाहीत त्या मोजणं सोपं!

आमचे सरपंच यशवंतभाऊ गेल्या पावसात त्या साकवावरूनच घसरले आणि दोन महिने पाय प्लास्टरात घालून सह्या करत बसले. पाय सुटल्याबरोबर लंगडत कार्यालयात आले.

"सुरेखा, आमदारांका निवेदन लिव. असा लिव की वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येवक होया!"

मी लिहिलं. 'साकव मोडकळीस आला असून ग्रामस्थ जीव मुठीत धरून ये-जा करतात.' स्वतःच वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ ते घेऊन आमदारांना भेटून आले. आमदार म्हणाले, अधिवेशनात प्रश्न लावतो. गाव खूश.

आता इथून पुढे नीट ऐका.

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी आमच्या भाऊसाहेबांचा फोन. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार, त्यामुळे ते कायम मोटारसायकलवर असतात आणि फोनवर त्यांच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो.

"मॅडम, एक कागद पाठवलाय मोबाइलवर! वरून आलाय, अतितातडीचा! चारच्या आत उत्तर पाहिजे!"

"कसलं उत्तर, भाऊसाहेब?"

"जुन्या फायलीत नमुना आहे, तसंच लिहा नि..." पुढचं वाऱ्याने नेलं.

कागद उघडला. फोटोचा फोटो, त्याचाही फोटो. वरचा भाग कापलेला, कुठून आला ते कळायला मार्ग नाही. खाली एवढंच दिसत होतं: 'मौजे कांदळवाडी येथील साकव मोडकळीस आल्याने ग्रामस्थांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली?'

म्हटलं, कुणीतरी तक्रार केली! आमच्या भाऊंच्या नावाने, आमच्या ग्रामपंचायतीच्या नावाने!

तुम्हीच सांगा, 'हे खरे आहे काय?' असं कोण विचारतं? आमचे हेडमास्तर विचारायचे. 'वर्गातली काच तू फोडलीस, हे खरे आहे काय?' त्याला आजपर्यंत कुणी 'होय सर' म्हटलंय?

जुनी फाइल काढली. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल कधीतरी असंच काहीतरी विचारलेलं होतं आणि खाली सुंदर उत्तर होतं: '(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.' वा! काय रुबाब! तेच उतरवून काढलं. पण एवढ्यावर थांबेन तर मी कसली? गावाची अब्रू वाचवायला मी पदरचं एक वाक्य जोडलं: 'साकव सुस्थितीत असून ग्रामस्थ समाधानी आहेत.'

ज्या बोटांनी साकव मोडकळीला आणला, त्याच बोटांनी तो दुरुस्त करून चारला पाच कमी असताना पाठवून दिला. भाऊसाहेबांनी कुठल्यातरी वळणावर मोटारसायकल थांबवून, न वाचता, पुढे ढकलला.

मी विसरूनही गेले हो!

मग एका रात्री विधानसभेच्या वेबसाइटवर दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नांची यादी चाळत होते. रोजच चाळायची, आमच्या प्रश्नाच्या आशेने. आणि एकदम दिसलं, नवव्या नंबरवर: 'मौजे कांदळवाडी येथील साकवाच्या दुरुस्तीबाबत'! पुढे चांदणी! चांदणी म्हणजे तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणार!

मी अशी किंचाळले की सासूबाई देवासमोरची वात टाकून धावत आल्या.

"काय झाला गो? इंचू चावलो?"

"आये, आपलं गाव विधानसभेत जातंय!"

रात्रीच गावाच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या सकाळी सर्वांनी ग्रामपंचायतीत जमावे. आपला साकव विधानसभेत!' सकाळी बघते तर सभागृह गच्च. ग्रामसभेला बोलावून बोलावून पंधरा माणसं येत नाहीत, आणि आज खिडकीच्या गजांनाही माणसं लटकलेली! कुणी खाजा आणला, कुणी पानाचा डबा. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीत. आये त्यांच्या शेजारी, नवीन लुगड्यात.

मोठ्या टीव्हीवर मी विधानसभा लावली. अध्यक्ष बोलत होते, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

टीव्हीतून आलं, "होय!"

आता आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालायची सवय. एकाने मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं. तेव्हा कोणी काही सांगायच्या आत अख्ख्या कांदळवाडीने एका सुरात हात जोडले:

"व्हय म्हाराजा!"

"होयचे बहुमत, होयचे बहुमत," अध्यक्ष म्हणाले.

"व्हय म्हाराजा!!"

"विधेयक संमत झाले."

झालं! टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी बाहेर नारळही फोडला. पाच मिनिटांनी माझं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. मी कालचं लावलं होतं! कालच्या कुठल्यातरी विधेयकाला आमच्या गावाने आज बहुमत मिळवून दिलं होतं.

"थांबा, थांबा! हे शिळं आहे!" मी ओरडले. आये म्हणाल्या, "मगे नारळ कोणाच्या नावान फुटलो?"

एकदाचं आजचं लागलं. प्रश्नोत्तराचा तास सुरू. तास म्हणजे तासच हं, संपला की संपला, राहिलेल्या प्रश्नांना तोंडी उत्तर नाही! आणि आमचा नववा. दुसऱ्याच प्रश्नावर कुठल्यातरी शहराचं गटार आलं आणि चांगली वीस मिनिटं वाहत राहिलं. एक सदस्य बसला की दुसरा उठायचा.

"अरे बस रे मेल्या!" भाऊ टीव्हीवर ओरडले. "गटारात काय एवढा बघतस!"

पण चौथा प्रश्न विचारणारे सदस्य गैरहजर! आमच्याकडे ह्या टाळ्या! सहावे आणि सातवेही गैरहजर! असं वाटत होतं, समोरच्याच्या विकेटी पडतायत. कामाला दांडी मारणाऱ्या माणसांवर एवढं प्रेम मी आयुष्यात केलं नव्हतं. आठवा झटकन आटपला. घड्याळात चार मिनिटं शिल्लक. आणि अध्यक्षांनी पुकारलं, "प्रश्न क्रमांक नऊ."

खिडकीतली माणसंही आत सरकली.

आमचे आमदार उठले. "अध्यक्ष महोदय, मला या छापील उत्तराचं आश्चर्य वाटतं. यात म्हटलंय, 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.'"

अहो, माझ्या हातातला खाजा हातातच राहिला.

"आणि पुढे म्हटलंय," आमदारांनी कागद उंच धरला, "'साकव सुस्थितीत असून ग्रामस्थ समाधानी आहेत!' अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात समाधानी ग्रामस्थ आहेत, हे मला आजच कळलं!"

विधानसभा खो खो हसली. सत्ताधारी हसले, विरोधक हसले, एवढं एकमत तिथे म्हणे कधी होत नाही!

कांदळवाडीत मात्र कुणी हसलं नाही.

भाऊ खुर्चीतून उठले. "कोणी लिवल्यान ह्या? कोण तो समाधानी? नाव सांग बघया एकाचा तरी! माझो पाय मोडलो तो काय समाधानान मोडलो?"

तेवढ्यात टीव्हीवर मंत्री म्हणाले, "सदर माहिती ग्रामपंचायत कांदळवाडी यांच्याकडूनच प्राप्त झालेली आहे."

शंभर माना. सगळ्या माझ्याकडे! कधी जमीन दुभंगून पोटात घ्यावी असं वाटलंय? मी तर टेबलाखाली जागा बघून ठेवली होती.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "मला वाटलं, भाऊ, कुणीतरी तुमची तक्रार केली. तुम्हाला वाचवायला गेले."

भाऊ रागावले असते तर बरं होतं. ते नुसते म्हणाले, "बाय माझे, तू वाचवलंस, पण साकव बुडवलंस." आणि लंगडत बाहेर गेले. त्या लंगडण्याकडे बघून मात्र मला खरंच रडू आलं.

पण सगळं काही गेलं नव्हतं. अध्यक्षांनी मंत्र्यांना सांगितलं, तपासून घ्या. मंत्री म्हणाले, "दोन दिवसांत प्रत्यक्ष पाहणी करतो आणि त्यानंतर सभागृहाला दुरुस्त माहिती देतो." तास संपला.

मी डोळे पुसले. म्हटलं, सुरेखा, पाहणी होणार आहे! आता काय करायचं ते कर, पण धुऊन काढ! लगेच महिला मंडळाच्या बायकांना निरोप: 'परवा मोठे साहेब येणार. साकवावर तयारी चोख ठेवा.'

ही माझी दुसरी चूक. तयारी म्हणजे मला म्हणायचं होतं, लोक जमवा, तक्रारी मांडा. पण आमच्या बायका! साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी साकव झाडला, कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, आणि साहेबांचा पाय फटीत अडकू नये म्हणून सगळ्या भोकांवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घातले. वर रांगोळी!

उपअभियंता साहेब आले, काठावर उभे राहिले. समोर लग्नाचा मांडव वाटावा असा साकव! त्यांनी तोरणाकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं.

मग म्हणाले, "मॅडम, दिसतोय तर चांगला. आपलंच उत्तर बरोबर होतं की."

मागून भाऊंचा उसासा मला स्पष्ट ऐकू आला. शाळेत जाणारी पोरं, डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका, सगळे माझ्याकडे बघत होते. आज साहेब परत गेले की पुढची दहा वर्षं साकव असाच!

"नाही साहेब!" मी पदर खोचला. "वरून दिसतो तसा नाही तो. थांबा, चालून दाखवते!"

"मॅडम, सांभाळून..."

"सांभाळून कसलं! तुम्ही बघाच!" असं म्हणत मी तरातरा निघाले. एक फळी, दोन फळ्या, आणि तिसऱ्या पावलाला रांगोळीतल्या कमळावर पाय ठेवला.

कमळाखाली फळी नव्हती.

झाप, रांगोळी, तोरणाचा अर्धा भाग आणि मी, सगळे एकत्र खाली! ओहोटी होती म्हणून वाचले. पाणी नव्हतं, चिखल होता. कमरेपर्यंत रुतले. हात वर, तोंडावर कमळाचा गुलाबी रंग.

वर एकच कल्ला! कुणी दोर आणा म्हणतंय, कुणी शिडी. भाऊ आपला दुखरा पाय विसरून काठावरून खाली घसरत आले. "सुरेखा, लागला काय गो?"

"लागलं नाही!" मी खालून ओरडले. "पण साहेबांना विचारा, दिसलं काय!"

साहेब वाकून बघत होते. "दिसलं मॅडम! अगदी व्यवस्थित दिसलं! हलू नका, फोटो घेतो!"

आणि घेतला की! चिखलातला! सरकारी अहवालाला जोडायला!

मला बाहेर काढायला चौघे लागले. माझी एक चप्पल अजून खाडीच्या तळाशी आहे. पण भाऊ मला काठावर बसवून स्वतः पाणी ओतत होते आणि हसत होते, पोट धरून. त्या हसण्यासाठी मी दुसरी चप्पलही दिली असती.

दोन दिवसांनी पुन्हा सगळं गाव टीव्हीसमोर. या वेळी तारीख तीनदा तपासली. मंत्री उभे राहिले: "पूर्वी दिलेल्या उत्तरात दुरुस्ती करतो. पाहणीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या एक महिला कर्मचारी साकवावरून पडून कमरेपर्यंत चिखलात रुतल्या. त्यामुळे साकव धोकादायक असल्याची शासनाची खात्री झाली आहे. नवीन साकव मंजूर करण्यात येत आहे."

सभागृहाने बाकं वाजवली! आम्ही टेबलं, खुर्च्या, दारं, जे मिळेल ते वाजवलं! मी हसतेय की रडतेय, माझं मलाच कळत नव्हतं.

घरी आले तर आये फोनवर. वेंगुर्ल्याच्या बहिणीला आवाज चढवून सांगत होत्या, "गो, आयकलंस काय? आमची सून विधानसभेत गेली!"

पलीकडून मावशींचा आवाज दारापर्यंत आला, "होय? खंयच्या पक्षातसून गो?"

आये एक क्षणही थांबल्या नाहीत.

"पक्षातसून नाय गो, चिखलातसून!"