शेहेचाळीस पाने

१४ मार्च १९७३. चार रुपये साठ पैसे. एवढे पैसे राहीबाईने कनवटीचे काढून एसटीच्या कंडक्टरच्या हातावर ठेवले आणि कालव्याकाठच्या मळ्यातून केळीची शेहेचाळीस पाने मागवली. दुष्काळाने तालुक्यात गवताची काडी उरली नव्हती, तिथे केळ कुठली!

राहीबाई तालुक्याच्या दवाखान्यात आया. त्याआधी लग्नाच्या पंगतींत वाढायला जायची. वाफाळता भात पानाला चिकटत नाही, एवढेच तिचे वैद्यकीय शिक्षण. वॉर्डात मनकर्णा होती. दुष्काळी कामावर मजुरांना वाटायची सुकडी करताना गुळाचा उकळता पाक तिच्या दोन्ही पायांवर सांडलेला. सरकारी पट्टी जखमेला अशी चिकटे, की रोज सकाळी सोडवताना नवी धरलेली कातडीही निघे. असेच चालले तर पाय जातील, असे डॉक्टर म्हणाले. राहीबाईने पान सुचवले तेव्हा ते हसले. पण दुसरे काही हाती नव्हते. हेडक्लार्क आप्पासाहेबांच्या घरच्या सत्यनारायणाला मात्र केळीचे खांब आले होते. त्यातले एक पान उकळून लावले. सकाळी ते अलगद निघाले आणि महिन्यात पहिल्यांदा मनकर्णा ओरडली नाही.

पानांचे पैसे मागितल्यावर आप्पासाहेबांनी नियम दाखवला. मलमपट्टीत कापूस बसतो, पान बसत नाही. पान हा जेवणाचा जिन्नस. म्हणून राहीबाईने पदरचे पैसे घालून ती शेहेचाळीस पाने मागवली होती.

त्यातली आठवड्याची कोरी पाने उकळून ओल्या फडक्यात ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. आप्पासाहेब लगबगीने वॉर्डात शिरले.

"राहीबाई, ती पाने काढ. साहेबांची पंगत आहे. आज जेवणाचा खर्च पडतोय, त्यात तुझेही पैसे काढून देतो."

राहीबाईने एकदा मनकर्णाच्या पायांकडे पाहिले.

"न्या की आप्पासाहेब. कालचीच हायेत, हिच्या पायावरची. मी धुतलीत चांगली."

आप्पासाहेबांनी फडक्याकडे गेलेला हात मागे घेतला आणि तो दोनदा साबणाने धुतला. साहेब पितळी ताटात जेवले.

वैशाखात मनकर्णा स्वतःच्या पायांनी एसटी स्टँडवर गेली. राहीबाईच्या बिलावर आप्पासाहेबांनी शेरा मारला: पाने खरेदी झाली, परंतु त्यांवर कोणीही जेवल्याचे दिसत नाही. सबब नामंजूर.

राहीबाईचे चार रुपये साठ पैसे दवाखान्याकडून येणे आहे.