अंगठ्याने तपासलेली हवा

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी चिंचवडला आमच्या बिल्डिंगखाली मुंबई एअरपोर्टची टॅक्सी उभी होती. डिकीत बॅगा मावत नव्हत्या, आई पदराने डोळे पुसत चकलीचा डबा उभाच ठेव म्हणून बजावत होती आणि माझे बाबा टॅक्सीचे टायर दाबून बघत होते. अंगठ्याने. चारही. मागच्या डाव्या चाकापाशी ते थांबले आणि ड्रायव्हरला म्हणाले, हवा कमी आहे, घाटात जायचंय ना तुला? ड्रायव्हर म्हणाला, काका, परवाच भरलीये. बाबांनी काही ऐकलं नाही. सायकल काढली आणि टॅक्सीच्या पुढे पुढे पेट्रोल पंपापर्यंत आले. हवा भरून झाल्यावर पुन्हा अंगठा लावला, मान डोलावली आणि खिडकीत वाकून मला म्हणाले, "आधी हवा बघायची, मग निघायचं. कुठेही."

बस्स. ना डोक्यावरून हात, ना पोचलीस की फोन कर. मला असला राग आला होता म्हणून सांगू! पोटची पोर देश सोडून चाललीये आणि ह्या माणसाला पडलीये टायरची. खंडाळ्यापर्यंत मी रडत होते आणि मनात त्यांच्याशी भांडत होते.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली. पहिली पाळी, रात्रपाळी, पाऊस, थंडी, सायकलच. रविवारी त्याच सायकलच्या कॅरिअरवर आई एका बाजूला पाय सोडून बसायची आणि दोघं भाजी आणायला जायची. टायर कसा हवा, तर टिचकी मारली की वाजला पाहिजे. मऊ टायरची सायकल दिसली की बाबा ओळख ना पाळख त्या माणसाला थांबवून सुनवायचे. आम्हाला लाज वाटायची.

आता मी बुकित पंजांगला राहते, चौदाव्या मजल्यावर. पाया लेबारला ऑफिस. सुरुवातीची काही वर्षं मला हे शहर फक्त MRT च्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, नकाशासारखं माहीत होतं. इथून चढायचं, तिथे बदलायचं, एसीतून एसीत. तुम्ही तिकडे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इथे मजेत असतो. आणि माझ्यासारखे जे आले त्यांना ठाऊक आहे की पहिली दोन वर्षं माणूस वर्क पासच्या मुदतीच्या तारखा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत काढतो.

मला त्यातून बाहेर काढलं अँडर्स नावाच्या एका स्वीडिश सहकाऱ्याने. तो जेवायच्या सुट्टीत त्याच्या गावाकडच्या जंगलांचे फोटो दाखवायचा. पाइनची झाडं, मधून खडीची वाट, दोन्ही बाजूंना दलदल, आणि तासन् तास एक माणूस दिसत नाही. मी म्हटलं, बाबा रे, इथे एवढीशी तर जागा, कुठून आणायचं असलं काही? तो म्हणाला, तुझ्या घरामागेच आहे. आणि होतीच की! मलेशियाला जाणारी जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उखडले आणि त्या जागी झाडीतून जाणारी मातीखडीची वाट राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. त्याच्याच नादाने मी ग्रॅव्हल बाइक घेतली. रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, खडीवर चालणारे. त्याने शिकवलेला पहिला नियम ऐकून मला हसू आलं. टायरमध्ये हवा कमी ठेवायची. मऊ टायर खडी धरून ठेवतो, कडक टायर उडतो. बाबांना हे फोनवर सांगायची माझी काही छाती झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबांनी सायकलला हात लावला नाही. पार्किंगमध्ये ती टायर बसलेल्या अवस्थेत उभी, आणि हे वर खुर्चीत. शेजारच्या काकू सांगायच्या, दार उघडतात, दूध घेतात, दार लावतात. मी मागे लागून लागून त्यांना गेल्या वर्षी दोन महिन्यांसाठी इथे आणलं. इथेही तेच. खिडकीशी बसून खालून जाणारी LRT ची छोटी गाडी बघायची आणि विचारलं की "बरा आहे मी" म्हणायचं. माझी नऊ वर्षांची इरा त्यांना खाली खेळायला बोलवायची, तेव्हा म्हणायचे, तू हो पुढे.

माझी सायकल मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी नीट बघितली. "स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी एवढीशी. आणि कॅरिअर नाही म्हणजे मागे कुणी बसायचंच नाही असं ठरवलंय की काय ह्यांनी?" मी हसले. तेव्हा मला काही कळलं नाही.

खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी बाबा मशीन धुऊन पुसून झेंडूची माळ घालायचे, घरी सायकलला. इथे काय पुजणार? पण मी ऑफिसातून आले तर माझी सायकल आरशासारखी लखलखीत, हँडलला झेंडू, चाकांना हळदकुंकू, आणि बाबा अंघोळ करून स्वच्छ शर्टात. इरा सांगत होती, "आजोबा did everything himself, I only hold the plate lah." कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी केल्याचं समाधान होतं. मी ते बघतच राहिले आणि बाकी काही बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी पहाटे सायकल काढली. रात्री पाऊस झाला होता. एका वळणावर ओली खडी आली, पुढचं चाक टणकन उडालं आणि मी सरळ चिखलात. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. उठून टायर दाबला तर दगड. बाबांनी पंप काढून दोन्ही चाकांत टिचकी वाजेपर्यंत हवा भरली होती. पंपाला काटा होता, पण त्यांचा काट्यावर कधीच विश्वास नव्हता. आणि मी? जन्मभर त्यांचं एकच वाक्य ऐकलेली मी त्या दिवशी हवा न बघताच निघाले होते.

घरी आले तेव्हा खरं तर थाप मारायला हवी होती. पण त्यांनी माझं कोपर बघितलं, सायकलपाशी गेले आणि विचारलं, कशाने पडलीस? मी सांगून बसले. दुपारी श्रीखंडपुरीला हात लावला नाही. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "माझं तिकीट अलीकडचं कर. जे येत होतं तेही आता चुकायला लागलं. इथे असून तुम्हाला ताप."

ते असे गेले असते तर पुन्हा आले नसते. आले नसते एवढंच नाही, त्या खुर्चीतून उठलेच नसते. त्या रात्री माझा नवरा नितीन म्हणाला, अगं त्यांना समजावून काय उपयोग, त्यांना काम दे. दहा वर्षांच्या संसारात तो क्वचितच इतकं शहाणपणाचं बोलला असेल.

शनिवारी मी बाबांना म्हटलं, तिकीट करते, पण माझं मनगट दुखतंय, टायरची हवा तुम्ही कमी करून द्या. किती, ते मला कळत नाही. धडधडीत खोटं. ते खाली बसले. थोडी हवा सोडायची, अंगठ्याने दाबायचं, पुन्हा थोडी सोडायची. दर वेळी माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, अजून. शेवटी वैतागून म्हणाले, अगं, ही तर पंक्चरच आहे! मग नितीनच्या तसल्याच सायकलचीही हवा त्यांच्याकडून तेवढीच करून घेतली, तिची सीट पाय टेकतील इतकी खाली घेतली आणि म्हटलं, विश्वास नसेल तर स्वतः चालवून बघा.

लिफ्टने दोन सायकली खाली नेल्या. त्या वाटेवर आल्यावर बाबा बराच वेळ हँडल धरून नुसते उभे होते. मग टांग टाकली. पहिल्या दहा हातांत सायकल डुगडुगली आणि मग ती सरळ धावायला लागली. शरीर विसरत नाही हो. खडी टायरखाली करकरत होती, दोन्हीकडे गच्च झाडी, मधूनच माकडं. थोड्या वेळाने ते न वळता म्हणाले, "बसत नाहीत गं धक्के." मी मागून मुकाट चालवत होते. चांगलं होतं की त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही थोडं थोडं लांब जात राहिलो. तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही, मी तर मुळीच नाही. एकदा क्रांजीच्या दलदलीपर्यंत पोचलो. गवतातून एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत चालली होती. बाबा म्हणाले, ही आपल्याकडे पाषाणच्या तळ्यावर असायची, तुझ्या आईला दाखवली होती. मग बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मागे वजन नसलं की सायकल हलकी होते. ते हलकेपण मला सोसत नव्हतं." आईबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले आहेत. तेव्हा मला ते कॅरिअरचं बोलणं कळलं.

ठरलेल्या तारखेलाच गेले. निघायच्या आधी बूट घालून तयार झाल्यावर माझ्या सायकलपाशी वाकले आणि दोन्ही टायर दाबून बघितले. "एवढीच राहू दे," म्हणाले. त्या दिवशी चिंचवडला खिडकीत वाकून त्यांनी काय केलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी चांगी एअरपोर्टच्या वाटेवर समजलं. मी पुन्हा रडले, पण ह्या वेळी भांडले नाही.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. आता रविवारी मी निघाले की इरा दारात येते, टायरला अंगठा लावते आणि "Can," म्हणते, म्हणजे चालेल. तिकडे एक अंगठा आहे, इकडे एक. निघताना कुणीतरी हवा बघतं, ते घर. माझी दोन आहेत, आणि मला त्याचं आता वाईट वाटत नाही.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. सायकल दुरुस्त करून आणली, नवे टायर टाकले, सकाळी नदीकडच्या कच्च्या रस्त्याने जातात. हवा थोडी कमीच ठेवतात. सायकलवाला त्यांना वेड्यात काढतो. मी भीत भीत विचारलं, कॅरिअर काढून टाकला का हो?

"काढायचा कशाला? दिवाळीला येशील तेव्हा बसशील की," ते म्हणाले. "मागच्या चाकात मात्र हवा कडक भरीन. वजन वाढलंय तुझं."