चित्रकाचा अर्धा तक्ता

चित्रक मला आत्यानं दाखवला. शेळगावला, तिच्या रानाच्या बांधावर. पांढरी फुलं, आणि फुलाखालचा चिकट भाग लुगड्याला धरणारा. "गाठीवर मुळीचा लेप देत्यात. पर बेतानं. कातडं भाजतंय," ती म्हणाली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी बारामतीच्या कॉलेजात एका सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. एम.एस्सी. झाल्यावर वडील माझं लग्न ठरवायला निघाले होते, तेव्हा या सरांनी कळसला आमच्या घरी येऊन त्यांची समजूत घातली होती. त्यामुळं सर म्हणतील ते मला प्रमाण. मी बारामतीत मुळीचा अर्क काढायचा, बाटल्या घेऊन एसटीनं पुण्याला जायचं आणि तिथल्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर तो घालून बघायचा, असं काम होतं.

पेशी मरत होत्या. जगताना प्रत्येक पेशीत थोडा जहाल ऑक्सिजन तयार होतो, आणि पेशी तो निस्तरते. चित्रकातलं द्रव्य तो इतका वाढवायचं की पेशीला निस्तरणं जमेना. सर खूश होते. मग मी माझ्याच दंडातून रक्त काढून घेतलं आणि त्यातल्या निरोगी पेशींवर तोच अर्क, तेवढाच घातला. त्याही मेल्या.

त्याचे आकडे मी तक्त्यात मांडले. सरांनी तो दोनदा पाहिला. "हा सध्या बाजूला ठेव," म्हणाले.

मी ठेवला.

दिवाळीला आत्यानं विचारलं, "मुळीनं गुण दिला का गं?" मी नुसतं "व्हय" म्हणाले. पुढचं सांगितलं नाही.

संक्रांतीनंतर पेपरात सरांचा फोटो आला. चित्रकानं कर्करोगाच्या पेशी मरतात, एवढंच खाली छापलेलं. माझ्या रक्ताचा त्यात कुठं उल्लेख नव्हता. वाचताना माझे कान तापले. महिन्याभरानं वडिलांकडून कळलं, की आत्याच्या छातीत गाठ आहे, पुण्याच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि ती गेलीच नाही.

मी तशीच शेळगावला गेले. आत्यानं पदर बाजूला केला. गाठीवरची कातडी फोडांनी सोलून निघाली होती.

"पेपरात आलंय न्हवं? मी वाचून घेतलंय. तुझ्या सरांचा फोटू हाय. मग आपरेशन कशाला?"

"आत्या, त्यानं चांगल्या पेशीबी मरत्यात."

"कवा कळलं तुला?"

"दिवाळीच्या आधी."

तिनं पदर ओढून घेतला. "आन् मला आज सांगतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले. "सर, तो तक्ता द्यायला हवा होता. माझ्या आत्यानं तुमच्या भरवशावर ऑपरेशन टाळलं."

"मी कुणाला लेप लावायला सांगितलं?" ते शांतपणे म्हणाले. "आणि तक्ता शोधनिबंधात देऊच की."

शोधनिबंध आला. तक्ता नव्हता, माझं नाव मात्र होतं. ते काढा म्हणून मी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पेपरलाही लिहिलं, तेही छापलं गेलं नाही. ज्या माणसानं मला संशोधनासाठी घरातून बाहेर काढलं, त्याच्याच केबिनचं दार ढकलणं मला नकोसं झालं. वर्ष संपायच्या आत मी काम सोडलं आणि इंदापूरला शाळेत शिकवायला लागले.

आत्याचं ऑपरेशन त्याआधीच, उन्हाळ्यात झालं. तोवर गाठ काखेत उतरली होती. ती पुढं तीन वर्षं जगली.

ऑपरेशनच्या सकाळी भिगवणहून रेल्वेनं मीच तिला नेलं होतं. दवाखान्यात संमतीचा कागद पुढं आला. तिला वाचता येत नव्हतं. मी तो हातात घेतला आणि वाचायला लागले, तर तिनं माझ्या बोटांतून हळूच ओढून घेतला आणि नर्सपुढं धरला.

"बाई, तुमी वाचून सांगा," ती म्हणाली. "समदं सांगा. अर्धं नको."