वादळात मेयरांचं भाषण

सान तेलेस्फोरो गावाच्या संताने आपला सण नोव्हेंबरात का ठेवून घेतला, हे त्यालाच ठाऊक. फिलिपिन्समधल्या बिकोलच्या किनाऱ्यावर तो वादळांचा महिना. त्यामुळे तेयोने आजवर टिपलेल्या प्रत्येक फिएस्ताला पाऊस होताच. फरक एवढाच, की कधी तो वरून यायचा, कधी बाजूने.

तेयो हा गावच्या केबल चॅनेलचा कॅमेरामन. मिरवणुका, होड्यांच्या शर्यती, बिशपांचं आगमन, जे काही उघड्यावर आणि चिखलात असेल ते त्याच्या वाट्याला. कॅमेऱ्यासाठी जपानहून मागवलेला रेनकोट होता. तेयोसाठी कचऱ्याची काळी पिशवी, डोकं आणि हात बाहेर काढायला भोकं पाडलेली. बायको नेलिया त्या भोकांना सुबक पट्टी लावून द्यायची, म्हणजे हाल निदान नीटनेटके दिसत.

त्या वर्षी सकाळीच वादळाचा एक नंबरचा बावटा लागला. शाळा बंद झाल्या, होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. दुपारचा कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे होणार होता, कारण मेयर बोलणार होते. विषय होता, ‘वादळात घ्यायची काळजी’.

मेयरांच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं. चौकाच्या मधोमध बांबूच्या मचाणावर तेयो आणि कॅमेरा. निर्मात्या हर्मिनिया मॅडम बंद गाडीत बसून त्याच्या कानात बोलत होत्या.

“तेयो, फक्त मेयर. छातीपर्यंत. इकडेतिकडे फिरायचं नाही.”

“माणसं दाखवायची नाहीत, मॅडम?”

“माणसं आहेत कुठे?”

समोर तरी खरंच नव्हती. खुर्च्या होत्या, त्यातल्या काही चौकभर हिंडत होत्या. पण तेयोच्या मनाला ते पटेना. दरवर्षी भाषण कंटाळवाणं झालं की, म्हणजे साधारण दुसऱ्या वाक्याला, तो कॅमेरा हळूच गर्दीवरून फिरवायचा. गावातली निम्मी तरणी माणसं जेद्दा, दुबई, हाँगकाँगला राबत होती. फिएस्ता ती मोबाइलवर बघायची, आणि त्यांना मेयर नको असायचे, आपली माणसं हवी असायची.

कॅमेऱ्याच्या तिवईला बांधलेल्या फोनवर त्यांचे निरोप येत होते. दुबईच्या कोरड्या खोलीतून एकाने लिहिलं, “मानोय,” म्हणजे दादा, “काचेवर थेंब बसलाय, पुसा की जरा.” तेयोने पुसला. पाठोपाठ जेद्दाहून रोवेनाचा निरोप आला. “तेयोदादा, आमची आई दिसतेय का कुठे? सकाळपासून फोन उचलत नाहीये. वादळाचं ऐकलं आणि जीव थाऱ्यावर नाही.”

तेवढ्यात मेयर माइकजवळ झुकले. “अशा हवेत कोणीही, पुन्हा सांगतो, कोणीही उघड्यावर उभं राहता कामा नये,” असं त्यांनी थेट तेयोकडे बघून बजावलं.

तेयोने मान डोलावली आणि कॅमेरा वळवला.

चर्चच्या भिंतीला लागून म्हाताऱ्यांची एक रांग उभी होती, प्रत्येकीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची उलटी. भाषणानंतर तांदळाच्या पोत्यांची सोडत होती; हजर असेल तिलाच पोतं. रांगेच्या टोकाला रोवेनाची आई, लोला पासिंग, म्हणजे गावाची पासिंगआजी, मोडक्या छत्रीचा नुसता सांगाडा धरून.

“लोला, इकडे बघा. रोवेना बघतेय,” तेयो मचाणावरून ओरडला.

“कोण रोवेना?”

“तुमचीच. जेद्दाची. फोन का उचलत नाही म्हणतेय.”

“भिजला फोन. तिला सांग, मी धडधाकट आहे. आणि विचार, या खेपेला पाठवलेल्या खोक्यात साबण का नव्हता?”

मग शेजारणीही खुर्च्या सरकवून तोंड दाखवायला पुढे झाल्या. “माझ्या पोराला पण दिसू दे की. दोन महिने झाले, फोन नाही मेल्याचा.”

“तेयो, मेयर कुठे गेले? मेयर दाखव,” कानात मॅडम कळवळत होत्या. तेयोने इअरफोन काढून खिशात टाकला. त्यात पाणी गेलं होतं, असं तो नंतर सांगत असे. घराघरांत मेयरांचा आवाज घुमत राहिला, “प्रशासन तुमच्या पाठीशी उभं आहे,” आणि पडद्यावर खुर्च्यांखालच्या म्हाताऱ्या जेद्दाला हात हलवत होत्या. मग वीज गेली.

दुसऱ्या दिवशी मेयरांनी बोलावलं.

“तू मला दाखवलं नाहीस.”

“पाऊस होता, मेयर.”

“मग मी काय उन्हात उभा होतो?”

शिक्षा कडक झाली. उघड्यावरचं काम बंद. यापुढे नगरपरिषदेच्या बैठका. घरी येऊन त्याने पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं तेव्हा नेलिया आल्याचा चहा गाळत होती.

“पंखा तरी आहे का तिथे?”

“एसी आहे.”

“अरेरे. आणि बसायचं कशावर?”

“गादीच्या खुर्चीवर.”

“काय छळ मांडलाय रे तुझा.”

पण छळ खराच होता. जन्मभर पावसात उभा राहून कधी न शिंकलेला तेयो एसीत चौथ्या दिवशी सर्दीने बेजार झाला. सदस्य झोपायचे, तो झोपलेले सदस्य टिपायचा, आणि फोनवर कुणाचा एक निरोप येत नसे.

डिसेंबरात होड्यांची शर्यत आली. बाहेरच्या कामावर मेयरांचा भाचा नेमला होता. त्याने आभाळाकडे बघून पोट दुखत असल्याचं कळवलं. हर्मिनिया मॅडम स्वतः तेयोच्या दारात आल्या.

“मेयरांनी तुला माफ केलंय.”

“मी कुठे माफी मागितली होती?”

“म्हणून तर लवकर मिळाली. चल, होडी थांबलीय.”

“मला रेनकोट?”

“बघू पुढच्या वर्षी.”

तेयोने तोंड वाकडं करून कॅमेरा खांद्यावर घेतला. किनाऱ्यावर भुरभुर सुरू झाली होती. होडी धक्क्यावरून सुटली तेव्हा त्याने आधी फोन तिवईला बांधला, आणि हाँगकाँगहून कुणीतरी विचारलं, “मानोय, होतात कुठे इतके दिवस?”