गाव सांगितल्याशिवाय फाईल उघडणार नाही

आमच्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस खान्देशात दुसरा झाला नाही. एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्यांनी जळगावातल्या आपल्या टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटर आणला आणि त्याचा माऊस त्याच दिवशी कपाटात टाकून दिला. "काम सांगायचं तर शब्दांत सांगावं. बोट दाखवत काय फिरायचं?" काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाईप करून ते मान तिरकी करत, जणू आतून कुणी "हो मामा" म्हणणार आहे!

तेव्हा मराठी टायपिंगचा नुसता सावळागोंधळ होता. प्रत्येक दुकानाची पद्धत वेगळी. पाचोऱ्याहून आलेल्या फ्लॉपीतला 'क' सावद्याच्या मशीनवर 'ढ' व्हायचा. म्हणून मामांनी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला, कुठलीही फाईल आपल्या अक्षरांत आणणारा. आलेली फाईल कोणत्या पद्धतीची, हे मात्र त्याला आधी सांगावं लागे. शहाण्या माणसानं तिथे एक, दोन, तीन असे पर्याय दिले असते. मामांनी गावं दिली. आपल्याकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी गाव विचारतात, तसा तो प्रोग्राम विचारायचा, "गाव कोणतं?" ओळखीचं निघालं तर "या, बसा" आणि फाईल तयार. नाहीतर "ओळख पटत नाही", की संपलं. एकदा मी पाचोऱ्याच्या लग्नपत्रिकेला घाईत सावदा टाकलं. नवरदेवाच्या नावाचा असा काही भुगा झाला की विचारू नका. पण मामा चिडले ते भलत्याच कारणानं. "पाहुण्याच्या तोंडी खोटं गाव घातलंत, जावईबापू!"

अशा माणसाकडे मी आईच्या ओव्या घेऊन गेलो. त्या उतरवलेल्या वहीला वाळवी लागली होती. उरली होती फक्त एक फ्लॉपी, पिंपळनेरच्या एका टायपिस्टनं करून दिलेली, आणि तो दुकान मोडून सुरतेला गेलेला. आईला आताशा निम्म्या ओव्या आठवत नव्हत्या. "डोळा मिटाना पहिले छापेल दखू दे," एवढंच ती अहिराणीत म्हणायची. बाकी सगळ्यांनी फ्लॉपी फेकून द्यायला सांगितलं होतं.

मामांच्या प्रोग्रामात पिंपळनेर नव्हतं. ते म्हणाले, "विहीणबाईंना घेऊन या."

मग काय, पंधरा दिवस आई कॉम्प्युटरशेजारी खुर्चीवर! तिनं आठवेल ती ओवी म्हणायची, मामांनी पडद्यावरच्या खुणांशी ती अक्षर अक्षर ताडून बघायची. आई सुरात आली की मामा तिला थांबवणार, "विहीणबाई, तेवढा 'वा' पुन्हा म्हणा." शेवटी ती कावली. "भाऊ, हाई ओवी शे का चौकशी? मी बठ्ठं म्हनसू, पन तुम्ही मधमा बोलू नका!" मामांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, "फक्त एक 'ळ' राहिलाय हो."

सोळाव्या दिवशी त्यांनी यादीत पिंपळनेर घातलं आणि फाईल लावली. "या, बसा." मी वाचू लागलो. 'मन्हा माहेरनी वाट, मन्हा पायले वळखस.' ही ओवी आईनं पंधरा दिवसांत एकदाही म्हटली नव्हती. ती एकदम ताठ बसली. "हाई मन्ही मायनी शे. मी ते इसरीच गयथू." आणि रडू लागली. मामांनी उगाचच कीबोर्ड पुसायला घेतला.

ओव्यांचं पुस्तक छापून आलं, ते आईनं हातात घेतलं. आता आई नाही, मामाही नाहीत. हल्ली कुठलीही फाईल कुठेही उघडते, गाव कुणी विचारत नाही. त्यांचा कॉम्प्युटर मात्र मी मोडीत काढलेला नाही. कधीतरी लावतो, पिंपळनेर टाईप करतो. तो म्हणतो, "या, बसा."

मग मी थोडा वेळ बसतो.