पाचवी पायरी

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होतो आणि अख्ख्या प्लांटमधला एकमेव ई-रीडरवाला. परदेशातल्या मेहुण्यानं दिलेलं ते पाटीएवढं यंत्र मी दौंडहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये असं बाहेर काढायचो, की शेजारच्यानं बिडी विझवावी. बॅचच्या कृतींच्या पीडीएफ त्यात भरल्या होत्या. मूळ पान पडद्यावर आलं की अक्षरं मुंगीएवढी. मग मी मोठ्या अक्षरांचं बटण दाबायचो. पान मोडायचं, मजकूर ओळीखाली ओळ उतरायचा, आणि मी झोकात वाचायचो.

इंग्रजी कृतीवरून मराठी चिठ्ठी करून खिशात ठेवायची, ही आमची रीत. साहेबांना मान्य नव्हती, पण खिसा एकाचाही रिकामा नव्हता. नवी बॅच आली तेव्हा माझा जोडीदार म्हणाला, "पाटीवाले मास्तर, चिठ्ठी तुम्हीच लिवा."

लिहिली. पडद्यावर आधी आठ पायऱ्या आल्या, त्यांच्याखाली तापमानाचे सात आकडे. ओळीनं जुळवत गेलो. आठवीला आकडा उरला नाही. म्हटलं, शेवटी धुणंच तर आहे, त्याला कसलं तापमान!

बॅचच्या दिवशी मला सुट्टी होती; चिठ्ठी जोडीदाराच्या खिशात होती. शिरूरला सासुरवाडीत ओट्यावर बसून सासऱ्यांपुढे यंत्राचा खेळ मांडला.

"पाव्हनं, ह्या पानाला कडा कुठं हाय? पुरं पान दावा की."

"दावतो आबा." मी अक्षर बारीक केलं. त्यांनी भिंग लावलं. मीही डोकावलो आणि चहाची बशी खाली ठेवली.

अख्खा तक्ता समोर होता. तिसऱ्या पायरीपुढचा रकाना रिकामा. म्हणजे माझ्या चिठ्ठीत तिथून पुढचा प्रत्येक आकडा एकेक पायरी वर चढलेला. पाचवी पायरी: ॲसिड थेंबथेंब सोडणे, तापमान पंधराच्या आत. माझ्या चिठ्ठीत ऐंशी. एवढ्या तापात ॲसिड पडलं, तर भांडंच उडणार.

साडेदहा वाजले होते. ॲसिड अकराला सोडायचं होतं.

प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. जोडीदाराचा गेटवरच्या पेटीत पडलेला. मी गेटवरच्या गार्डला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"उसको बोलो, चिठ्ठी मत देखो!" मी ओरडलो.

"कौनसी चिठ्ठी, भाई? साहब यहीं खड़े हैं, उनको फोन दूँ?"

साहेब! म्हणजे चिठ्ठी उघडी पडणार, कारखान्याच्या फाइली घरी नेल्याचं उघडं पडणार, नोकरी जाणार. मी गप्प झालो. दोन श्वास. तिकडून गार्डचा आवाज: "हॅलो? है क्या?"

"दो," मी म्हणालो.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी रिसीव्हर टेबलावर आपटला आणि धावत गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. आबा विचारत होते, "काय झालं वो?" आणि मी रिकामा फोन कानाला लावून कुरकुंभच्या दिशेनं आकाशाकडे बघत होतो. मूर्खासारखा. शिरूरहून काय दिसणार होतं?

बऱ्याच वेळानं जोडीदाराचा आवाज आला. धापा टाकत.

"सत्तरपर्यंत तापवलं होतं रं. आता गार करायला लावलंय. ॲसिडचा व्हॉल्व्ह अजून खोलला न्हवता."

मी आबांना हातानंच 'ठीक आहे' अशी खूण केली.

"तुला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

"कळलं तसा लगेच फोन केला," मी म्हणालो.

ते दोन श्वास मी त्याला अजून सांगितलेले नाहीत.